लिहिलंय तेवढंच

मित्रांनो, नाट्यगृहाच्या जिन्याखाली वाकून पाहिलेत, तर केरसुणी आणि मोडक्या खुर्च्यांच्या मागे मी दिसेन. मी एक जुना दरफलक आहे. तिकिटाचा दर किती, एवढे सांगणे हेच माझे आयुष्यभराचे काम. काम लहान होते, पण मला त्याचा फार अभिमान होता आणि अजूनही आहे. अडगळीत पडले म्हणून कुणाचा ताठा जात नाही.

एका सुताराने दाराच्या फळ्यांतून उरलेल्या लाकडात मला बेतले. मग मी पेंटरकडे गेलो. त्याने मला काळा रंग दिला, वाळवले, पुन्हा रंग दिला आणि पांढऱ्या अक्षरांत पुढच्या, मधल्या आणि मागच्या रांगांचे दर लिहिले. तळाशी थोडी जागा उरली, तेव्हा खिडकीवाले काका, म्हणजे नाट्यगृहाची तिकिटे विकणारे, त्याला म्हणाले, तिथे लिही, "यात सगळं आलं." पेंटरने ते शब्दही दरांइतकेच मोठे काढले. बारीक अक्षर काढणे त्याच्या जिवावर येई. ज्याला लपवायचे असते तो बारीक लिहितो, असे त्याचे मत होते.

मला तिकीट खिडकीच्या वर टांगले. संध्याकाळी दिवा लागे आणि रांगेतली माणसे मान वर करून माझ्याकडे पाहत. कुणी बोटांवर हिशेब करी, कुणी बायकोच्या कानाशी लागे आणि पुढची रांग सोडून मधल्या रांगेवर समाधान मानी. पण काय ते रांगेतच ठरे. खिडकीपाशी पोहोचल्यावर कुणाचे तोंड पडलेले मी पाहिले नाही. दर बदलायचा असला की काका आधी मला खाली उतरवत, नवा आकडा लिहून घेत आणि मगच खिडकी उघडत. हा तिथला शिरस्ताच होता.

एकदा मात्र फजिती झाली. दर वाढवायचा होता आणि नेमका पेंटर तापाने फणफणलेला. तो तसाच आला आणि मागच्या रांगेचा आकडा चुकवून बसला. वाढायचा तो दर निम्म्यावर आला. मॅनेजरांच्या हे ध्यानात आले तेव्हा रांग दारापर्यंत गेली होती. ते फडके घेऊन मला पुसायला धावले. काकांनी त्यांचा हात धरला.

"लिहिलंय तेवढंच घ्यायचं," काका म्हणाले. "उद्या बदलू. आज आपण हे बोलून चुकलोय."

त्या रांगेच्या शेवटी दोन मुली होत्या, सख्ख्या बहिणी. खरे तर दोघींकडे मिळून एकाच तिकिटाचे पैसे होते. धाकटीने आत जायचे आणि थोरलीने दाराबाहेर थांबायचे, असे थोरलीने ठरवून टाकले होते. माझ्यावरचा आकडा वाचल्यावर मात्र दोघी एकमेकींकडे पाहतच राहिल्या. त्या हात धरून आत गेल्या. काकांना मॅनेजरांनी चार शब्द सुनावले, ते त्यांनी ऐकून घेतले आणि शांतपणे चहा प्यायले.

त्या दोघींतली थोरली पुढे लग्न होऊन लांब गेली. धाकटी शिवणकाम करू लागली. रंगमंचाच्या पडद्याची किनार उसवली की तिलाच बोलावणे जाई. सगळे तिला मावशी म्हणत. येता-जाता ती मान वर करून माझ्याकडे पाही आणि जुनी ओळख असल्यासारखी हसे.

मग दिवस पालटले. काका निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलेच नाही. तिकिटे फोनवर मिळू लागली. खिडकीला आतून पुठ्ठा लागला आणि मला जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून टेकवले. आता दर फोनच सांगतो, असे मला उतरवणारा म्हणाला. सांगेना का, मी मनाशी म्हटले, खरा सांगितला म्हणजे झाले. पण मला फार एकटे वाटे. माझ्या मागून शेकडो पावले जात आणि एकही थांबत नसे. केरसुणीचासुद्धा मला हेवा वाटे, कारण ती निदान रोज बाहेर जाऊन येई.

एका संध्याकाळी ओळखीचा आवाज कानावर आला. मावशी आली होती आणि बरोबर तिची ताई होती. आता ताईच्या चालण्याबरोबर काठी वाजत होती. कितीतरी वर्षांनी ती बहिणीकडे राहायला आली होती आणि दुसऱ्या दिवशी परत जाणार होती. पुन्हा एकदा शेजारी बसून नाटक बघायचे, एवढीच दोघींची हौस होती. पण मावशीने ताईला एकटीलाच दारातून आत पाठवले. माझी जागा मागे आहे गं, मी येतेच, असे ती म्हणाली. दार बंद झाल्यावर ती जिन्याखाली आली आणि माझ्या शेजारच्या मोडक्या खुर्चीवर बसली.

दारवानाने विचारले तेव्हा तिने हळूच सगळे सांगितले. मुलाने तिच्या फोनमध्ये दोन तिकिटांपुरते पैसे टाकले होते. पहिल्या पानावर दर दिसला, तसे तिने शेजारशेजारच्या दोन जागा निवडल्या. नाव, नंबर, सगळे भरून शेवटच्या पानावर आली, तर आकडा फुगलेला. सुविधा शुल्क, हाताळणी शुल्क आणि वर तिने न मागितलेला तिकिटाचा विमा. त्याच्यापुढे बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली. कोपऱ्यात घड्याळ उलटे पळत होते. वेळ संपेल या धास्तीने तिने एक तिकीट कमी केले आणि उरलेल्या एकाचे पैसे भरले. शेजारणीकडून उसने पैसे आणून पुन्हा पाहिले, तोवर सगळ्या जागा भरल्या होत्या. हे ताईला कळले असते तर ती आत गेलीच नसती.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," दारवान म्हणाला. त्याने तिला आत येऊन मागे उभे राहायला सांगितले, पण ती नको म्हणाली. काकांची खिडकी होती तेव्हाही ती कधी फुकट आत गेली नव्हती.

आत हशा पिकला. तिनेच शिवलेला पडदा आत उघडत होता, मिटत होता, आणि ती बाहेर बसली होती. मला तिच्याशी बोलावेसे वाटले. पण तिला माझी नुसती पाठ दिसत होती, आणि पाठीवर कुणी काही लिहिलेले नव्हते.

मध्यंतरात ताई काठी टेकत बाहेर आली. मागच्या सगळ्या रांगा पाहून झाल्या होत्या तिच्या. मावशीला जिन्याखाली पाहून तिला काय ते कळले. ती रागावली नाही. बसायला म्हणून तिने दुसरी खुर्ची ओढली, तेव्हा मी हललो आणि पडू नये म्हणून तिने मला धरले आणि फिरवून नीट टेकवले. माझे तोंड त्यांच्याकडे झाले. ताईने पदराने माझ्यावरची धूळ पुसली आणि बराच वेळ वाचत राहिली.

नाटक पुन्हा सुरू होण्याची घंटा झाली. मावशी तिला आत ढकलू लागली.

"त्या दिवशी मी बाहेर थांबणार होते," ताई म्हणाली. "थांबायचं राहूनच गेलं होतं."

ती आत गेलीच नाही. उरलेले नाटक दोघींनी माझ्या शेजारी बसून नुसते ऐकले. उठताना ताईने माझा फोटो काढायला लावला आणि मावशीला तक्रार करायला सांगितली. पैशांसाठी नव्हे, म्हणाली, जे घ्यायचंय ते आधी सांगा, एवढ्यासाठी.

मावशीने तक्रार केली. फोनवरच्या पावतीत जादा आकारलेला पैसा न् पैसा दिसत होता. ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या कचेरीत तिने बरेच खेटे घातले. हे शुल्क आमच्या अटींमध्ये लिहिलेलेच होते, असे कंपनीचा माणूस म्हणाला. मग ते पहिल्या पानावर दराइतक्याच मोठ्या अक्षरांत का नाही, असे कचेरीतल्या साहेबांनी विचारले, आणि एकूण किंमत आधी कळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, असेही बजावले. जादा घेतलेले पैसे परत आले. आता त्या कंपनीच्या पहिल्याच पानावर पूर्ण रक्कम दिसते. मावशी हे दारवानाला जिन्यापाशी सांगत होती, तेव्हा मला माझ्या पेंटरची फार आठवण झाली.

तिने तिथूनच ताईला फोन लावला. दोन तिकिटे काढते, ये, म्हणाली. पण ताईचे गुडघे आता तिला घराबाहेर पडू देत नव्हते. तू बघ आणि मला सांग, असे पलीकडून उत्तर आले. मावशीने फोन ठेवला, एक तिकीट काढले आणि ती आत गेली. जाताना तिने माझ्यावरून एकदा हात फिरवला. ताईने ओढलेली खुर्ची अजून माझ्या शेजारी आहे, आणि तिच्यावर कुणी बसत नाही.

मित्रांनो, मला पुन्हा खिडकीवर टांगा, असे मी म्हणणार नाही. माझे दिवस गेले. पण शेवटचे बटण दाबण्याआधी शेवटचा आकडा वाचत जा. न मागता केलेली खूण पुसून टाका. फसवले गेलात तर भीड धरू नका, विचारा, तक्रार करा, तो तुमचा हक्क आहे. आणि उद्या तुमच्यापैकी कुणी असे दर लिहायला बसलाच, तर सगळे पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. चुकून घेतलेले पैसे परत करता येतात. मावशीला तिचे पैसे मिळाले. ताईच्या शेजारची जागा मात्र तिला कुणी परत देऊ शकले नाही.