कासवाच्या टाकीपाशी

"म्याडम, हात सोडा की. खाकी बघून लेकरू बुजंल."

झुंबरबाई अगदी हळू बोलली. पूर्णिमानं तिचं मनगट आणखी घट्ट धरलं. मुंबईच्या चौपाटीसमोरच्या त्या जुन्या मत्स्यालयात आत अंधार होता. भिंतींत काचेच्या निळ्या टाक्या होत्या आणि पार टोकाला बाहेर जायचं दार. त्या दारावर कुणीच नव्हतं.

पूर्णिमाची कोल्हापूर पोलिसात सव्वीस वर्षं झाली होती. मोर्चे, जत्रा, कोर्टाच्या फेऱ्या. एक ठपका नाही, की एक बक्षीस नाही. झुंबरबाई मूळची आजऱ्याकडची. नवऱ्याच्या खुनात जन्मठेप लागून कळंब्याच्या जेलात सहा वर्षं होती. आज तिला हृदयाच्या तपासणीला मुंबईत आणलं होतं. तपासणी लवकर उरकली आणि इस्पितळाच्या पायऱ्यांवरच तिनं पूर्णिमाचे पाय धरले. तिची बहीण बायडाबाई इथंच राहायची. झुंबरबाईची पोरगी तिच्याकडं होती. पोरीला सांगितलेलं, आईबाप दोघंही अपघातात गेले. पोरीला चार वाजता मासे बघायला आणते, तू लांबनं बघ, पण बोलायचं न्हाय, असं बायडाबाईनं पत्रात कळवलं होतं.

जोडीचा शिपाई आदर्श बाहेर गाडीत थांबला होता. "ही पळाली तर तुमच्यासंगं माझीबी वर्दी उतरंल," तो म्हणाला होता. "पंधरा मिन्टं. त्याच्यावर न्हाय."

"पळालीस तर?" पूर्णिमानं विचारलं.

"मग तुमी धरालच की मला."

पूर्णिमाचे गुडघे कधीच गेले होते. गाडीतनं उतरतानाही तिला दार धरावं लागायचं. ते दोघींनाही माहीत होतं.

तिनं हात सोडला.

झुंबरबाई पदर डोक्यावर घेऊन चालू लागली. पूर्णिमा दहा पावलं मागं राहिली. तेवढ्यात शाळेची सहल आत घुसली. पन्नासेक पोरं, आरडाओरडा, बाईंची शिट्टी. गर्दी पुढं सरकली तेव्हा झुंबरबाई कुठंच नव्हती.

पोरांना ढकलत पूर्णिमा दाराकडं धावली. बाहेर रस्ता, टॅक्सी, ऊन. झुंबरबाईचं जेलातलं हिरवं लुगडं कुठं दिसेना. आदर्शच्या गाडीकडं तिनं एकदा बघितलं, पण हाक मारली नाही. ती तशीच लंगडत परत आत आली आणि एकेका टाकीपुढं माणसांची तोंडं बघत सुटली.

वळणावर कासवाची टाकी होती. झुंबरबाई तिला पाठ टेकून उभी होती. समोर बायडाबाई, पांढरीफटक पडलेली. आणि दोघींच्या मधे दोन वेण्यांची नऊ वर्षांची पोरगी.

"काकू, जरा सरका ना," पोरगी म्हणाली. "कासव दिसत नाहीये."

झुंबरबाई सरकली.

"अजून थोडं."

ती आणखी सरकली, पार भिंतीला खेटेपर्यंत. बायडाबाईनं डोळ्यांनी नको नको म्हटलं. तरी झुंबरबाईनं विचारलंच, "आता दिसतंय न्हवं?"

"हो," पोरगी काचेला नाक लावून म्हणाली. "केवढं मोठं आहे!"

"व्हय. लई मोठं झालंय."

पूर्णिमा एव्हाना हाताच्या अंतरावर पोचली होती. ती थांबली. मग कैद्याकडं पाठ करून, धापा टाकत, पलीकडच्या काचेतले मासे बघत उभी राहिली.