डावीकडची हाक

"उड रे पाखरा परक्या रानी, दाना ठेव माह्या लेकराच्या पानी..."

पातूरच्या वावरात माळ्यावर उभी राहून माय ज्वारीवरची पाखरं हाकलायची. तो आवाज नितेशने दोन्ही कानांनी ऐकला होता.

आता डावा कान बंद होता. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या विहिरीत सुरुंग उडवला, तेव्हापासून. घरी बायको सीमा त्याच्या उजव्या हातालाच बसून बोलायची. पलटणीत मात्र दोस्त कुंदन सोडून त्याने कोणाला कळू दिलं नव्हतं. तपासणीत त्याने डॉक्टरचे ओठ वाचले होते.

वर्षभर भाजीचा मळा, दोन महिने प्रादेशिक सेनेची वर्दी. यंदा वर्दीला नवं काम होतं. आफ्रिकेतल्या एका लहान देशाचे बारा शिपाई अमरावतीबाहेरच्या माळावर जमिनीतले सुरुंग काढायला शिकत होते. पुढच्या महिन्यात हवालदार नितेश त्यांचा उस्ताद म्हणून त्यांच्या देशी जाणार होता.

शिपायांनी वऱ्हाडीही उचलली होती. "काहून उस्ताद, आज चहा नाही?" त्यांच्यातला जुमा रोज विचारायचा. त्याच्या गावी पाणवठ्याच्या वाटेवर अजून सुरुंग होते.

त्या सकाळी नितेश पुढे रांगत होता. मागून, डावीकडून, जुमा सुरुंगांच्या तारांवर नजर ठेवून होता; तार दिसली की त्याने आवाज द्यायचा. नितेशचं कोपर तारेला लागलं. सरावाचा खोटा सुरुंग फुटला, पिवळा धूर उठला.

"आवाज काहून नाही दिला?" नितेश ओरडला.

जुमा त्याच्याकडे पाहत राहिला. "दिला, उस्ताद. दोनदा."

नितेशचा हात डाव्या कानाकडे गेला.

दुपारी तंबूत मेजरसाहेबांनी कागद पुढे सरकवला. जोडीदाराला सावध केलं नाही, म्हणून जुमा नापास. परवाच्या विमानाने परत, सुरुंगाच्या पथकात जागा नाही. जुमा ताठ उभा होता.

उजवीकडून हवालदार कुंदन पुटपुटला, "गप राह्य भाऊ. कोनी मेलं नाही. वर्दी गेली तं काय, भेंड्याच तोडत बसशीन?"

मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही, असं नितेशला वाटलं. कुंदनने त्याला ढोसलं. "साहेब तुले सही मागून राहिले ना."

मेजरसाहेब डावीकडे उभे होते. पेन त्याच्यापुढे धरलेलं, कधीपासून कोण जाणे.

नितेशने पेन घेतलं नाही.

"त्यानं आवाज देला होता साहेब. मले डाव्या कानानं ऐकू येत नाही. गेल्या उन्हाळ्यापासून."