बारावं बटण

"ताई, एकदाच दाब. कुठलंही दाब. पाणी दाब, नाहीतर पंखा दाब. मला शिव्या द्यायच्या असतील तर तसंही बटण करून देतो, पण दाब गं."

ताई खिडकीकडे बघत होती. टॅब्लेट तिच्या मांडीवरच्या उशीवर तिरपा ठेवला होता. सकाळचं ऊन काचेवर असं पसरलं होतं की माझी बारा बटणं पाण्याखाली ठेवल्यासारखी दिसत होती. काचेच्या कडेला तिचा डावा हात होता. बोटं जराशी हलली, की मलाच तसं वाटलं, कुणास ठाऊक. मला काहीही वाटू शकतं. लहानपणापासून ताई मला तंद्रीराव म्हणते.

म्हणायची. तीन महिन्यांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तीस वर्षं शाळेच्या मैदानावर मुलींना कवायत शिकवणारी बाई. शिट्टी गळ्यात फक्त शोभेला असायची, हाक मारली की मैदानाच्या त्या टोकाची मुलगी जागच्या जागी थांबायची. आणि आता ती या पुनर्वसन केंद्रातल्या खोलीत पडून होती आणि तिच्या घशातून साधा हुंकारसुद्धा निघत नव्हता.

"टॅब्लेट देऊन अकरा दिवस झाले," थेरपिस्ट बाई हळूच म्हणाल्या. पलंगाच्या पायथ्याशी त्या वही घेऊन उभ्या होत्या. "उद्या मला अहवाल लिहावाच लागेल. त्यांना समजतंय असं दिसलं, तर व्यायाम, बोलण्याचे धडे, सगळं चालू राहील. नाही दिसलं तर मागच्या इमारतीत हलवतील. तिथे काळजी चांगली घेतात हो, पण शिकवत नाहीत."

"तिला सगळं समजतं," मी म्हणालो.

"मलाही तसंच वाटतं. पण 'वाटतं' असं लिहिता येत नाही ना."

तेवढ्यात केंद्रातल्या मावशी गरम पाण्याची परात आणि टॉवेल घेऊन आल्या. ताईला रोज या वेळी त्या पुसून काढायच्या. "सरका साहेब, पाणी सांडेल," म्हणाल्या. मी उठलो, पण गेलो नाही. दहापर्यंत थांबायचा माझा नेमच होता. ताईला एकटं वाटू नये म्हणून चौकटीत उभा राहून मी बडबड करत राहिलो: ऑफिसची, शेजाऱ्यांची, कुणाच्या कुत्र्याची. थेरपिस्ट बाई त्यांच्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. आमच्या घरात बोलायचं काम ताईकडे आणि ऐकायचं माझ्याकडे. आता वाटणी उलटी झाली होती, आणि मला ती अजिबात जमत नव्हती.

माझा धंदा बटणांचा. शर्टाची नव्हेत. कॉम्प्युटरच्या आणि टॅब्लेटच्या पडद्यावर जी बटणं असतात ती कुठे असावीत, केवढी असावीत, दाबल्यावर काय व्हावं, हे मी ठरवतो. ऑफिसात मला बटणकाका म्हणतात. लोकांना वाटतं, त्यात काय मोठंसं? मोठंसं काही नाहीच. पण माऊसचा बाण सुईच्या टोकाएवढा असतो आणि माणसाचं बोट बोराएवढं, एवढी साधी गोष्ट विसरल्यामुळे किती माणसं दुकानाच्या काउंटरवर, गोदामात, बँकेत रोज रडकुंडीला येतात ते मी पाहिलंय. मी नवीन पडदा आखायला घेतला की आधी कागदाचे चौकोन कापून काचेवर चिकटवतो आणि दिवसभर त्यांवर बोटं फिरवत बसतो. डोळे मिटून. साहेबांनी एकदा विचारलं, "झोपलात की काम करताय?" मी म्हणालो, "दोन्ही."

ताईसाठीचा पडदा मी असाच आखला. पाणी, दुखतंय, कूस बदला, पंखा, दिवा, भूक. प्रत्येकावर चित्र, खाली शब्द, दाबलं की टॅब्लेट तो शब्द बोलणार आणि बाहेर नर्सच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरही घंटी वाजणार. अशी एकेक करत अकरा झाली. तीन रांगांत चार-चार मांडायची, तर शेवटच्या रांगेत एक भोक राहत होतं. ते मला खुपायला लागलं. म्हणून बारावं घातलं. काय घातलं ते महत्त्वाचं नव्हतं, रांग पुरी दिसली म्हणजे झालं.

त्या दिवशी ऑफिसात जाऊन मी खुर्चीत नुसता बसलो. दुपारचा उजेड पडद्यांवरून सावकाश सरकत होता. डोळे मिटले की बारा चौकोन तरंगायला लागायचे आणि त्यांच्यामागे ताई, खूप लांब, मैदानाच्या पलीकडे.

"काका," चिमणी म्हणाली. माझ्या पडद्यांना जीव देणारी, म्हणजे प्रत्यक्ष प्रोग्राम लिहिणारी मुलगी. कीबोर्डवर चोची मारल्यासारखी टाइप करते, म्हणून चिमणी. "तुमच्या ताईंचा टॅब्लेट रोज इकडे नोंदी पाठवतो. बघितल्यात?"

"बघितल्या गं. दाबलेली बटणं, शून्य. रोज शून्य."

"ते दाबलेलं झालं. टेकलेलं बघितलं का?"

मी डोळे उघडले.

इथे मला माझी एक फुशारकी सांगायला हवी. माऊसचा बाण बटणावर जाऊन घुटमळू शकतो, विचार करू शकतो, मग टिचकी मारतो. बोटाला घुटमळायची सोय नाही, टेकलं की टेकलं. म्हणून मी माझ्या प्रत्येक कामात एक नियम पाळतो: बोट टेकल्यावर काही घडायचं नाही, बोट उचलल्यावर घडायचं. म्हणजे चुकून भलत्याच बटणावर बोट पडलं, तर ते तसंच बाजूला सरकवून उचलायचं. बटण समजून घेतं, गप्प राहतं. या सोयीला मी 'माफी' म्हणतो. नव्या मुलांना चहा पाजून शिकवतो.

चिमणीने पडदा माझ्याकडे वळवला. बारा चौकोन आणि त्यांच्यावर निळे ठिपके. प्रत्येक ठिपक्याला खाली जाणारी एक शेपटी, बटणाच्या बाहेरपर्यंत.

"बोट बरोबर मध्यावर टेकतंय," ती म्हणाली. "पण उचलताना हाताचं वजन त्यांना पेलत नाही. हात खाली घसरतो, मग बोट सुटतं. बटणाच्या बाहेर. आणि आपलं बटण काय करतं?"

"माफ करतं," मी म्हणालो.

"त्रेचाळीस वेळा, काका."

अकरा दिवस मी तिच्यासमोर बसून दाब गं, दाब गं करत होतो आणि ती दाबत होती. मला रडू आलं, आणि ऑफिसात कुणी बघेल याची लाजही वाटली नाही. मग मी नाक पुसलं आणि विचारलं, "काय दाबत होती? पाणी?"

"पाणी तीनदा. दुखतंय चारदा." तिने खालच्या रांगेच्या शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं. तिथे ठिपके इतके दाट होते की चित्र दिसत नव्हतं. "बाकी सगळे इथे."

ते बारावं होतं. दार लावा.

"आणि वेळ बघा. एक दिवस चुकलेला नाही. साडेनऊ ते पावणेदहा."

साडेनऊला मावशी परात घेऊन येतात. ताईचे कपडे काढतात. साडेनऊला बाहेरच्या व्हरांड्यातून भेटायला आलेली माणसं, ट्रॉलीवाले, वॉर्डबॉय जात-येत असतात. आणि साडेनऊला दाराच्या चौकटीत उभा राहून, दार लोटायची सोयसुद्धा न ठेवता, कुत्र्यांच्या गोष्टी सांगत असतो तो तिचा सख्खा भाऊ. परातीच्या बाजूला टॅब्लेट ठेवलेला, आणि ताई हात घसरेपर्यंत दाबतेय. रोज. मी तिच्याकडे बघत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं.

"बदल," मी चिमणीला म्हणालो. "टेकलं की बोललं पाहिजे. माफी काढून टाक."

"मग चुकून बोट लागलं तरी बोलेल."

"बोलू दे. चुकेल तर चुकेल बिचारी. तेवढा तिचा हक्क आहे."

दुसऱ्या दिवशी मी सव्वानऊला पोचलो. रात्रभर ठरवलं होतं की आत जाताच दार लावून घ्यायचं, आणि मावशी आल्या की स्वतः बाहेर व्हायचं. पण थेरपिस्ट बाई वही घेऊन खोलीत आल्या होत्या आणि त्या वहीत आज काय लिहिलं जाईल त्यावर ताईची पुढची सगळी वर्षं होती. मी दार आधीच लावलं असतं, तर ताईला बोलायला काय उरलं असतं? म्हणून मी दार उघडंच ठेवलं. माझ्या हातून त्याहून अवघड काम कधी झालेलं नाही.

मावशी आल्या. परात ठेवली. ताईच्या गळ्याजवळचा बंद सोडायला त्यांनी हात नेला आणि मी पाठ फिरवून चौकटीत उभा राहिलो.

"दार लावा," यंत्राचा सपाट आवाज म्हणाला.

"अगं बाई!" मावशींच्या हातातला टॉवेल पडला. "बोलल्या! अहो, बाई बोलल्या!"

थेरपिस्ट बाई पलंगाकडे धावल्या. बाहेर टेबलावर घंटी वाजली तशी नर्स पळत आली, तिच्यामागे एक ट्रॉलीवाला. मावशी ताईचा गाल कुरवाळत होत्या, थेरपिस्ट बाई हसत-रडत म्हणत होत्या, "परत एकदा, ताई, परत एकदा दाबाल?" मी वळलो. मीही वेड्यासारखा हसत होतो.

ताईने आमच्याकडे एकेक करून पाहिलं. मैदानावर पाहायची तसं. मग हात उचलला.

"दार लावा."

आम्ही टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, काय सांगू.

"दार लावा. दार लावा."

तेव्हा कुठे मावशींच्या डोक्यात प्रकाश पडला. "चला, चला, काय तमाशा आहे का इथे?" म्हणत त्यांनी सगळ्यांना खोलीबाहेर हाकलायला सुरुवात केली. नर्सला ढकललं, ट्रॉलीवाल्याला ढकललं, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मलाही बाहेर काढलं. दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

थेरपिस्ट बाई भिंतीला टेकून लिहायला लागल्या. समोरून कुणीतरी फुलं घेऊन आलं आणि त्याच दारावर हात ठेवायला लागलं.

"थांबा," मी म्हणालो. "आत्ता नाही. ताईने सांगितलंय."