खळ्यातला सिनेमा

आंब्याची शेवटची पेटी गेली की आमच्या घरापुढच्या खळ्यात पांढरी चादर बांधून सिनेमा लावतात. बागेतले गडी, शेजारी, पाहुणे सगळे जमतात. सिनेमा निवडायचा मान आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आणि ते दरवर्षी स्वतःच्या कॉलेजच्या काळातलाच एखादा काढतात.

यंदाच्या सिनेमातला अकरावीचा मुलगा तिशीला टेकलेला होता. वर्गात पुस्तक एकाकडेही नाही. नायिकेला ना परीक्षा, ना पाळी, ना मुरुम. तिला काम एकच, आधी चिडायचं आणि मग लाजायचं. हा बाबा रोज तिच्या बसमध्ये चढणार, मागे बसून शिट्टी वाजवणार, घरापर्यंत मागे जाणार आणि मध्यंतराच्या आत ती त्याच्या प्रेमात पडणार. धन्य ते तारुण्य.

आप्पा प्रत्येक शिट्टीला शिट्टीने साथ देत होते. काशीआत्या डोळे पुसत म्हणाली की आमच्या वेळची मुलं किती निरागस होती, हल्लीची नुसती मोबाइलमध्ये.

मी भार्गवी, बारावीला. असलाच एक निरागस मी क्लासहून परतताना रत्नागिरी स्टँडपासून माझ्या एसटीच्या गाडीत बसून आमच्या फाटकापर्यंत मागे येत होता. गेल्या आठवड्यात मी आप्पांना सांगितलं, तर त्यांनी माझा क्लासच बंद केला. चोर सोडून संन्याशाला फाशी. क्लास नाही म्हणजे प्रवेशपरीक्षेवर पाणी.

मी उठून प्रोजेक्टरची वायर काढली.

"आप्पा, याला तुम्ही शिट्ट्या मारता आणि माझा क्लास बंद?"

"अगो, तो सिनेमा आहे."

"माझ्या गाडीतल्यानेही असलेच बघितले असतील."

मला रडू येत होतं, पण राग त्याहून मोठा होता. आप्पा उठून आत निघून गेले.

सोमवारी क्लासला जा म्हणाले, एवढंच. संध्याकाळी स्टँडवर बघते तर इस्त्रीच्या सदऱ्यात आप्पा उभे. मला ओळखही दाखवली नाही. तो मुलगा चढला, नेहमीसारखा माझ्या मागच्या सीटवर बसला. आप्पा त्याच्या शेजारी टेकले आणि त्याच्या तोंडाकडे बघत शिट्टी वाजवायला लागले, सिनेमातलीच. गाडीतले सगळे वळून बघायला लागले तरी थांबेनात. हातखंब्याला तो घाईघाईने उतरला. मागोमाग आप्पाही उतरले.

ते बऱ्याच वेळाने रिक्षाने घरी आले.

"त्याच्या घरापर्यंत गेलो होतो," म्हणाले. "आईसमोर विचारलं, कसं वाटलं रे?"

तो पुन्हा गाडीत दिसला नाही. क्लास चालू आहे. असला बाप आप्पांच्या एकाही लाडक्या सिनेमात नाही. असता तर मध्यंतरालाच सिनेमा संपून सगळे घरी गेले असते.