दोन चौकोन

पेनड्राइव्हचा निळा दिवा लुकलुकायचा थांबला होता आणि बबिता अजून त्या दिव्याकडेच बघत होती. पडद्याकडे नाही, कारण पडद्यावर काय आहे ते बघून बघून डोळे दुखले होते. काळाभोर पडदा, वर कोपऱ्यात इंग्रजीची एक पांढरी ओळ आणि ओळीपुढे उघडझाप करणारी बारकी रेघ... म्हणजे यंत्र विचारत होतं की बाई, मी सुरू कुठून होऊ, मला काही आठवत नाही, तूच सांग. आणि ही बाई कॉलेजात, तासिका तत्त्वावर का होईना, संगणक शिकवणारी! एकाच यंत्रात दोन सिस्टीम गुण्यागोविंदाने कशा नांदवायच्या, हे तिने गेल्याच आठवड्यात फळ्यावर आकृती काढून पोरांना सांगितलं होतं, आणि आज घरच्या यंत्रात दोन्ही सिस्टीम रुसून बसल्या होत्या.

कॉलेजच्या लॅबमध्ये फुकटातली नवी सिस्टीम आली, तिचा सराव घरी करावा म्हणून सकाळी हा घाट घातला. जुनं विंडोज राहू द्यायचं, शेजारी नवी सिस्टीम बसवायची. सगळं शेवटापर्यंत सुरळीत गेलं आणि ऐन शेवटी चूक दाखवून अडलं – सुरू होण्याचा भागच लिहिता येईना. होतं असं, तिने स्वतःला सांगितलं. कुठल्या तरी सुरक्षेचा अडसर असणार, तो काढला की झालं. परभणीचं एप्रिलचं ऊन खिडकीच्या पडद्यातून आत येत होतं, कूलर नुसता घरघरत होता, आणि मागच्या अंगणात आई ज्वारीच्या पापड्या घालत होती... पळीचा आवाज तेवढा येत होता. आईचा म्हणून आता घरात तेवढाच आवाज.

नाही, तसं म्हणायचं नाही. आई टाळी वाजवते, ताटावर चमचा वाजवते, ओठ हलवते आणि बबिताला सगळं कळतं. घशाच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं, गळ्याला भोक राहिलं, त्यावर पांढरं फडकं आलं. एके काळी झरीपासून सेलूपर्यंत जयंतीला कुसुमबाईची, म्हणजे आईची, गायनपार्टी आली म्हटलं की माणसं जेवणं उरकून पुढच्या जागा धरायची. भीमगीतं म्हणताना लाउडस्पीकर बंद पडला तर ही बाई माईक खाली ठेवायची आणि तशीच म्हणायची, शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जायचं. त्या बाईला आता दूधवाल्यालाही हाक मारता येत नाही. बबिताला याचा अजून राग येतो, कुणावर काढावा ते कळत नाही.

तिने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, आतल्या सेटिंगमध्ये शिरून सुरक्षेचा तो अडसर काढला, पेनड्राइव्हवरून नवी सिस्टीम तात्पुरती चालवली आणि सुरू होण्याचा भाग हाताने लिहिला. पडद्यावर दोन्ही नावं एकाखाली एक आली, तिने विंडोज निवडलं आणि ते उघडलंसुद्धा! ती खुर्चीतूनच ओरडली, झालं गं आई, आणि अंगणातून ताटलीवर पळी वाजली. म्हणजे बरं झालं.

मग तिने ड्राइव्ह उघडायला घेतले. विंडोजच्या जागेखेरीज यंत्रात तिने दोन कप्पे केले होते, अगदी सारखे, माया वाटून द्यावी तसे. एका कप्प्याला नाव दिलं होतं ‘आई’, दुसऱ्याला ‘मी’. आपल्या भाषेत नावं द्यायची हा तिचा हट्ट, त्यावरून लॅबमध्ये वादही घातलेले. ‘मी’मध्ये तिच्या नोट्स, प्रश्नपत्रिका, अर्ज. ‘आई’मध्ये आईची गाणी, तिच्याच आवाजातली. आत्ता समोर ‘मी’ होता, उघडत होता, सगळ्या प्रश्नपत्रिका जागच्या जागी होत्या.

‘आई’ नव्हता.

...सकाळी तो यादीचा पडदा आला तेव्हा नव्या सिस्टीमला देवनागरी दाखवता येत नव्हती. कप्प्यांच्या नावांच्या जागी नुसते चौकोन. आ आणि ईचे दोन चौकोन, म आणि वेलांटीचेही दोनच चौकोन. माप सारखं, चेहरा सारखा. ‘मी’ तर पुसायचाच होता, नवी सिस्टीम त्याच्या जागी बसवायची होती, त्यातलं हवं ते तिने कॉलेजच्या मशीनवर नेऊन ठेवलं होतं. ती क्षणभर थांबली होती, हे तिला आता आठवलं, आठवू नये असं वाटत असताना आठवलं... थांबली, आणि वरचा माझा असणार असं मनाशी म्हणून तो पुसून पुढे गेली. वरचा का? खालचा का नाही? आईच्या आधी आपण वर कधीपासून?

आणि दुसरी प्रत? दुसरी प्रत होती की. या पेनड्राइव्हवर होती. काल संध्याकाळी नवी सिस्टीम चढवण्यासाठी तिने तो कोरा केला, गाणी यंत्रात आहेतच म्हणून.

तिने सिद्धोधनला, पुण्यातल्या भावाला, फोन लावला. त्याच्याकडे दोन-चार गाणी होती ती जुन्या मोबाइलबरोबर गेली, हे तिला माहीत होतं तरी लावला. तो आधी घाबरला, मग कामाचं बोलला.

“ताई, नुसतं पुसलं असंल तर निघतंय वापस. त्याच्यावर दुसरं काई लिहिलं न्हाई ना?”

“लिहिलं,” ती म्हणाली. “सगळी सिस्टीम लिहिली त्याच्यावर.”

तो म्हणाला, “आईला सांगितलंस?”

सांगायचं कसं? पेडगावचा बन्सीधर संध्याकाळी यायचा होता गाणी न्यायला. पार्टीत पेटी वाजवणारा बन्सीधर. यंदाच्या जयंतीला स्टेजवरून कुसुमबाईचा आवाज लावायचा आणि पुढच्या रांगेत कुसुमबाईला बसवायचं, असं गावाने ठरवलं होतं. ऑपरेशननंतर आईने एकदाही ती गाणी ऐकली नव्हती. लावू का म्हटलं की उठून जायची. बन्सीधरने विचारलं तेव्हा मात्र तिने होकाराची मान हलवली, आणि त्या दिवसापासून घरात दुसरीच बाई वावरू लागली – पांढरी साडी काढून इस्त्री केली, नातेवाइकांना द्यायला म्हणून पापड्या घालायला बसली.

ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हा केलेलं ते रेकॉर्डिंग. मागची खोली, आवाज येतो म्हणून पंखा बंद, सुरापुरती पेटी आईच्याच हाताशी, दोघी घामाने भिजलेल्या. गाण्यांच्या मधे आईचं बोलणंही आलं होतं. एकदा रागावली होती – बबे, लावलंस व्हय गं? सांगायचं न्हाई का, मी आपली उगं खोकायले. हे कापून टाकायचं बबिताच्या मनात होतं. बरं झालं कापलं नाही, असं मग वर्षभर वाटत राहिलं... आता त्याचंही काही उरलं नाही.

पुसलेलं शोधणारा प्रोग्रॅम तिने चालू केला. तो दुपारभर चाचपडत राहिला. नावं हरवलेले आवाजाचे तुकडे सापडले, ती एकेक लावून बघत गेली. खरखर. पुन्हा खरखर. एकात पेटीचा अर्धा सूर आणि पुढे काही नाही. तिला वाटलं, एक ओळ मिळू दे, एक शब्द, खोकला तरी मिळू दे. ती कधी कुणापुढे हात जोडत नव्हती, आज जोडायला कुणी असतं तर जोडले असते.

शेवटून दुसरा तुकडा स्वच्छ निघाला. त्यात आवाज होता, अगदी जवळचा, बाईचा.

“हां, म्हण आता आई.”

तिचाच आवाज. पुढे काही नाही.

तिने तो पुन्हा लावला. कशासाठी कोण जाणे. हां, म्हण आता आई. आणि मान वळवली तर दारात आई उभी होती, कोपरापर्यंत पीठ, गळ्याचं फडकं घामाने ओलं. ती ऐकत होती. पुढचं गाणं यायची वाट बघत होती, चेहरा तसा तयार करून, लग्नातल्या नवरीच्या आईसारखा. गाणं आलं नाही.

बबिताने सांगितलं. रडली नाही, वर्गात सांगावं तसं क्रमाने सांगितलं – चौकोन, वरचा, खालचा, पेनड्राइव्ह. आईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. ती पडद्याकडे बघत राहिली, मग बबिताकडे, आणि तिचे ओठ हलले.

समदं?

बबिताने मान हलवली.

आई पलंगाच्या कडेला बसली. पिठाचे हात मांडीवर उताणे ठेवून बसली, आणि जरा वेळाने तिचे ओठ पुन्हा हलायला लागले, या खेपेला बराच वेळ, काही तरी लांबलचक सांगत. रागावत होती की समजूत घालत होती... बबिता रोजच्यासारखी ओठ वाचत होती आणि शब्द लागत होते, एकेक शब्द लागत होता. पण रोज ते शब्द आत कुठे तरी आईच्या आवाजात ऐकू यायचे, जाड, किंचित घोगऱ्या, ओळ संपताना वर जाणाऱ्या आवाजात, आणि हे आपण रोज ऐकतो हेही तिला आजवर उमगलं नव्हतं. आज तो आवाज येत नव्हता. तिने डोळे मिटून घेतले, दात आवळून आठवायचा प्रयत्न केला, पुन्हा उघडले. आई बोलतच होती, आणि बबिताला आईचं सगळं बोलणं स्वतःच्याच आवाजात ऐकू येत होतं.