टॉवर आडवा होताना

“वारा पडला आहे. लावायचा का हात?” प्रेमिलाने विचारलं. तिची नजर समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साडीवर होती. साडीचा काठसुद्धा हलत नव्हता.

मुकुंदराव अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मान वर करून टॉवरच्या शेंड्याकडे बराच वेळ पाहिलं.

“रेडिओच्या वायरी?”

“काढल्या सगळ्या. लाईटही बंद केली.”

“मग... चालू दे.”

आजारपणानंतर ते असेच बोलत. शब्द आधी तोंडात जुळवून घेत आणि मग बाहेर सोडत.

नागपुरात हुडकेश्वरच्या या घरापेक्षा दुप्पट उंच असा तो लोखंडी टॉवर अंगणाच्या कोपऱ्यात उभा होता. वर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना होता. टॉवरच्या बुडाशी बिजागरी होती. चरखीवरचा तारेचा दोर सैल सोडत गेलं, की तो हळूहळू बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर झुकत जाई आणि आडवा होई. दरवर्षी पावसाळ्याआधी मुकुंदराव तो असाच खाली आणत, बोल्ट तपासत, रंगाचा हात देत आणि पुन्हा उभा करत.

पण बाजूचा प्लॉट आता मोकळा राहणार नव्हता. दिवाळीत तो अश्विन आणि मिनल या जोडप्याने घेतला. भूमिपूजन झालं होतं, आखणीसाठी सळईचे खुंटही ठोकून झाले होते. आठवडाभरात खोदकाम लागणार होतं. अश्विन स्वतःच येऊन म्हणाला होता, “काका, आमचं घर उभं राहिलं तर हा टॉवर उतरवाल कुठं? घाई नाही, पण सांगून ठेवतो.” त्यात अरेरावी नव्हती. मुकुंदरावांनी नुसती मान हलवली होती. दोन दिवसांनी त्यांनी प्रेमिलाला सांगितलं, “महादेवरावले फोन केला. घेऊन जाईल तो.”

महादेवराव कन्हानला राहत. कोळसा खाणीतून निवृत्त झालेले इलेक्ट्रिशियन. त्यांनाही हाच हॅम रेडिओचा नाद. दोघांची ओळख रेडिओवरच झाली होती आणि पुढली कितीतरी वर्षं ती आवाजापुरतीच राहिली होती.

मुकुंदरावांची नोकरी कळमन्याच्या बाजारात वजनकाट्यावर पावत्या फाडण्यात गेली. दिवसभर पोती, धूळ आणि अडत्यांची भांडणं. संध्याकाळी घरी आले, की हातपाय धुऊन ते आतल्या खोलीत बसत, कानाला हेडफोन लावत आणि जपानमधल्या नाहीतर ब्राझीलमधल्या कुणा अनोळखी माणसाला आपलं नाव, गाव आणि नागपूरची हवा सांगत. सरकारी परीक्षा देऊन त्यांनी त्याचा परवाना मिळवला होता. प्रेमिलाला पहिल्यांदा हे खूळ वाटलं. “न पाहिलेल्या माणसाले काय सांगता वो एवढं?” ती विचारी. पुढे टॉवर आला तेव्हा चरखीच्या दांड्याशी कोण उभं राहणार, हा प्रश्न पडला. मुकुंदराव म्हणाले होते, “ज्याले घाई नसते त्यानंच तो दांडा धरावा. म्हणजे तूच.” काटोलकडच्या शेतात वाढलेल्या प्रेमिलाच्या हातांना दोर नवा नव्हता. तेव्हापासून दांडा तिचा आणि शेंडा भरकटू नये म्हणून त्याला बांधलेला वळणदोर त्यांचा.

हिवाळ्यात मुकुंदरावांचा उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर ते एकदा रेडिओपुढे बसले होते. पलीकडचा माणूस पुन्हा सांगा, पुन्हा सांगा म्हणत राहिला. तिसऱ्यांदा त्यांनी माईक खाली ठेवला. नंतर ते नुसतं ऐकत. मग तेही थांबलं.

आज वळणदोर अश्विनच्या हातात होता. टॉवर जिथे पडायचा त्याच्या दोन्ही बाजूंना चुन्याची रेघ ओढलेली होती. ती दरवर्षी मुकुंदराव ओढत, या वेळी प्रेमिलाने ओढली.

“रेघेच्या आत यायचं नाही,” तिने अश्विनला बजावलं. “काहीही झालं तरी.”

तिने हातमोजे चढवले, खिट्टी काढली आणि दांडा फिरवायला लागली. चरखीचा खटका टकटक वाजू लागला. टॉवर आधी नुसता डोलल्यासारखा झाला आणि मग झुकला.

“सोड वं... हळूहळू,” मुकुंदराव म्हणाले.

अर्ध्यावर आल्यावर भार वाढला. प्रेमिलाने पाय रोवले. तेवढ्यात कुर्र असा आवाज झाला आणि टॉवरचा शेंडा एका अंगाला वळला. टॉवरला ताठ धरणारी, आता सोडवून ठेवल्याने शेंड्यापासून लोंबणारी एक ताणतार आखणीच्या खुंटात अडकली होती.

“थांब!” असं म्हणत मुकुंदराव उठले आणि पाय ओढत थेट चुन्याची रेघ ओलांडून टॉवरखाली गेले.

प्रेमिलाने खटका बसवला, खिट्टी घातली. तिचा आवाज चढला नाही.

“बाहेर या.”

“अवं, नुसती तार... काढून राहिलो.”

“बाहेर या आधी. तुम्ही आत असताना मी या दांड्याले हात लावत नाही.”

“काकू, मी जातो ना आत,” अश्विन म्हणाला.

“तू बी नाही गा. तू दोर धर.”

मुकुंदराव तिथेच उभे राहिले. डोक्यावर टॉवर तिरपा लटकत होता. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“हात गेला म्हणून... मले काहीच येत नाही का?”

“हात धड असता तरी आत जाऊ दिलं नसतं,” प्रेमिला म्हणाली. “तुम्हीच नाही का सांगितलं, की याच्याखाली कोणी जायचं नाही म्हणून? कोणी म्हणजे तुम्हीही आले त्यात.”

मुकुंदराव वळले. खाली पाहत, जपून पावलं टाकत रेघेबाहेर आले. कुंपणाला हात टेकून त्यांनी अडकलेली तार नीट पाहिली. मग म्हणाले, “थोडा वर घे. तार... सैल होईल. आकडीचा बांबू आण, अश्विन.”

“तू दोर बांध त्या झाडाले, मग जा,” प्रेमिलाने सांगितलं.

उतरवण्यापेक्षा चढवणं अवघड. प्रेमिलाने सगळ्या अंगाचा जोर लावून दांडा उलटा फिरवला. खांद्यातून कळ आली. टॉवर वीतभर उचलला गेला, तार ढिली पडली. तिने पुन्हा खटका बसवला. अश्विनने बांबू आणून दिला आणि दोर पुन्हा हाती घेतला. मदतीला दुसऱ्या हाताने बांबूचं टोक तो धरणार तोच मुकुंदरावांनी नको म्हणून मान हलवली. डाव्या हाताने बांबू बगलेत दाबून, रेघेबाहेरूनच, त्यांनी आकडी तारेपर्यंत नेली. दोनदा हुकली. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. तिसऱ्यांदा तार खुंटावरून सुटली आणि मातीत पडली.

“आता सोड,” ते म्हणाले. शब्द एकदम स्वच्छ आला होता.

टॉवर लाकडी घोड्यांवर येऊन टेकला. अश्विनने टाळी वाजवावी की नाही, हे न कळून दोर गुंडाळायला घेतला. मुकुंदराव अँटेनाजवळ गेले. नळ्यांना कितीतरी संक्रांतींचा मांजा गुंडाळला गेला होता, गुलाबी, हिरवा, पार विटलेला. प्रेमिला त्यांच्या शेजारी बसली आणि दोघं तो सोडवत राहिले. मिनलने पलीकडून चहा आणून दिला, तोही तसाच थंड झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवराव टेम्पो घेऊन आले. टॉवरचे तुकडे चढवले गेले. मुकुंदरावांनी त्यांना बिजागरी दाखवली, ग्रीस कुठे लावायचं ते दाखवलं. “आणि खाली... कोणी जायचं नाही,” ते म्हणाले आणि प्रेमिलाकडे न पाहता हसले.

“तू ये ना बाप्पा कन्हानले,” महादेवराव म्हणाले. “माझ्या रेडिओवरून बोल.”

“पाहू.”

लोखंड टेम्पोच्या मागे हातभर बाहेर आलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, “काका, लाल कपडा द्या एखादा. नाहीतर पोलीस अडवते.” प्रेमिलाने आतून ब्लाऊजपीसची पट्टी फाडून आणली. महादेवराव पुढे झाले, पण मुकुंदरावांनी ती स्वतःच घेतली. एका हाताने त्यांनी पट्टी लोखंडी नळीभोवती फिरवली, टोक दातांत धरलं, पेच घातला. तो सुटला. पुन्हा घातला, पुन्हा सुटला. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं, ते बंद केलं.

“प्रेमिला,” ते शेवटी म्हणाले, “बोट ठेव इथं.”

तिने पेचावर बोट ठेवलं. त्यांनी दुसरा पेच घातला आणि घट्ट ओढला, तेव्हा तिने बोट अलगद काढून घेतलं.