किल्ली ज्याच्याकडे, तो आपला

या घरात एकच कायदा होता आणि तो लेकीने केला होता. किल्ली ज्याच्याकडे, तो आपला. बाकी साक्षात देव येऊन दारात उभा राहिला तरी दार उघडायचं नाही.

कायदा उगाच झाला नव्हता. मागच्या वर्षी एक गोडबोली बाई भर दुपारी आली, "तुमच्या लेकीला अपघात झालाय" म्हणाली, आणि आईने दार तर उघडलंच, वर तिला प्यायला पाणीही दिलं. संध्याकाळी लेक घरी आली तेव्हा कपाट धुऊन नेलेलं होतं आणि आई त्या बाईचीच काळजी करत बसली होती, बिचारी उन्हातून आली होती म्हणून. पोलीस आले, त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि जाता जाता सांगितलं, "आपली काळजी आपणच घ्यायची असते, ताई." फुकटचा सल्ला द्यायला कुणाचं काय जातं?

लेकीने मात्र तो मनावर घेतला. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. गावभरच्या लोकांना दिसायला लागायचं, पण आईच्या डोळ्यांना कुठलंच भिंग लागू पडत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बाहेर बघायला दाराला हौसेने बसवलेल्या भिंगाच्या भोकातून आईला बाहेरचा माणूस म्हणजे नुसता राखाडी डाग दिसायचा. आठवणीचंही तसंच झालेलं. सकाळी काय खाल्लं ते दुपारी विचारू नये. टिकायचं ते फक्त घोकलेलं, कारण आयुष्यभर शाळेत तिने पोरांकडून घोकूनच घेतलं होतं.

म्हणून लेकीने घोकून घेतलं. सुट्टीच्या दिवशी ती बाहेर जाऊन दार ओढून घ्यायची आणि बेल वाजवून गयावया करायची. "आई, मीच आहे गं, किल्ली विसरले." आईने दार उघडलं की लेक आत येऊन म्हणायची, "नापास." आईचा चेहरा पडायचा. पुढच्या खेपेला लेक आणखी जोर लावायची. मला लागलंय, रक्त येतंय, चक्कर येतेय. आईचा जीव राहायचा नाही, ती उघडायची, पुन्हा नापास. मग लेकीने घरातली गुपितंही काढली. बाबा मला 'चिमटी' म्हणायचे, लहानपणी मी तव्यावर हात ठेवला होता, तू माझ्यासाठी रात्रभर जागली होतीस. आई आत रडायची आणि उघडायची. सख्ख्या आईला असं रडवायचं म्हणजे अतीच झालं, पण दुधाने तोंड पोळलेल्या माणसाला ताकाबद्दल कोण समजावणार? शेवटी एकदाची आई शिकली. कितीही रडलं तरी दार बंद. लेकीने आत येऊन तिला मिठी मारली आणि म्हणाली, "पास!" आई दिवसभर शाळेतल्या पोरीसारखी खुशीत होती.

आणि त्या मंगळवारी दुपारी, दुकानातून बाहेर पडताच, मोटारसायकलवरच्या दोघांनी लेकीची पर्स ओढून नेली.

ती रस्त्यावर पडली, गुडघे फुटले. पैसे गेले, फोन गेला, त्याचं काही नाही. किल्ली गेली. आणि किल्लीला अडकवलेली होती पितळेची पट्टी, तिच्यावर घराचा पूर्ण पत्ता, मजल्यासकट. आई कधी भरकटली तर कुणी तरी घरी आणून सोडावं म्हणून लेकीनेच हौसेने कोरून घेतलेली. आईच्या आणि स्वतःच्या, दोन्ही किल्ल्यांना एकसारखी.

ती धावत सुटली. जिना चढताना दम लागून छाती फुटायची वेळ आली. दार बंद होतं. अजून कुणी आलं नव्हतं.

"आई! दार उघड, मी आहे!"

आतून पावलं सरकत आली. भोकापाशी अंधारलं.

"कोण पाहिजे आपल्याला?"

"आई, मीच गं. माझी पर्स चोरली, किल्ली चोरांकडे आहे. ते इथे येतील. लवकर उघड!"

"माझी लेक कामाला गेलीय," आई म्हणाली. "तिच्याकडे किल्ली असते. तुम्ही संध्याकाळी या."

"अगं, ती तालीम होती! आज खरंच आहे! बघ, रक्त येतंय माझ्या पायातून!"

"रक्ताचं मागेही सांगितलं होतं."

 लेकीने दारावर कपाळ टेकवून एकेक काढायला सुरुवात केली. चिमटी. तवा. रात्रभरचं जागरण. खरं म्हणून जे जे होतं ते सगळं तिने आधीच खोटं म्हणून वापरून टाकलं होतं. आता तिच्याकडे आईला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"बरं, उघडू नकोस," ती शेवटी म्हणाली. "पण आतून कडी तरी लाव. एवढंच कर माझ्यासाठी. तुझ्या पाया पडते."

"कडी नाही लावायची," आई ठामपणे म्हणाली. "कडी लावली की माझी लेक बाहेर राहते."

हेही लेकीनेच शिकवलेलं.

समोरच्या दाराला कुलूप होतं. तिने खाली जाऊन एक दार बडवलं. साखळीआडून एका बाईचा अर्धा चेहरा दिसला. तिने पोलिसांना फोन केला. कुणाला तरी पाठवतो, ते म्हणाले. बाहेर यायला मात्र ती तयार नव्हती. "घरात लहान मूल आहे हो," म्हणाली आणि दार लावून घेतलं. तिचं तरी काय चुकलं? कुणाला दार उघडू नका म्हणून जिन्यात सगळ्यांना सावध करत फिरणारी लेकच तर होती.

लेक वर आली, पुन्हा बडवलं, खांद्याने धक्के दिले. दार पोलादी, तिनेच निवडलेलं. ते हललंसुद्धा नाही. आई आतून फक्त एवढंच म्हणत होती, "जा हो बाई, कशाला जीव टांगणीला लावता."

आता एकच माणूस उरला होता, ते कुलूप बसवणारा किल्लीवाला. त्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. दार सोडून जावं की नाही, तिचा जीव खालीवर होत होता. पण नुसतं उभं राहून काय होणार होतं? "आई, मी आलेच, कुणालाही उघडू नकोस," असं ती सवयीने ओरडली, आणि आपण काय बोललो ते कळून तिला हुंदका फुटला.

जिन्यात पाठीवर मोठी पिशवी घेतलेला एक पोरगेला माणूस वर येत होता. घरोघरी सामान पोचवणारे येतात तसा. तो भिंतीला चिकटून उभा राहिला. "सावकाश, ताई," म्हणाला. तिने घाईत त्याला थँक्यूसुद्धा म्हटलं.

किल्लीवाला जेवत होता. तो हात धुऊन उठला, ड्रिल शोधू लागला आणि पुटपुटला, "तुम्हीच म्हणाला होतात ताई, बाहेरून कुणाच्या बापाला उघडता येऊ नये." ती त्याचा हात धरून त्याला ओढतच घेऊन निघाली.

दार उघडं होतं. कुलपात किल्ली, किल्लीला पट्टी.

किल्लीवाला दारातच थांबला. ती आत गेली. कपाटाचे खण जमिनीवर, गाद्या फाडलेल्या. आई खुर्चीत बसली होती. तिच्या मनगटाची साल निघाली होती आणि लग्नापासून कधी न उतरलेली सोन्याची बांगडी तिथे नव्हती.

"आलीस?" आईने तिचा वास ओळखला असावा. चेहरा कसा उजळला होता! "तू पाठवलेला माणूस येऊन गेला. किल्ली होती ना त्याच्याकडे, म्हटलं, आपलाच. बांगडी निघेना त्याला, मग मीच साबण आणून दिला. दुखलं थोडं. पण तुला हवी होती ना?"

लेक जमिनीवर बसली. आईचे पाय धरले, तोंड त्यांच्यावर दाबून धरलं.

"आणि ऐक तर," आई उत्साहाने सांगू लागली, "त्याच्याआधी एक बाई आली होती. अगदी तुझ्यासारखं बोलत होती. चिमटी म्हणाली, तवा म्हणाली, सगळं म्हणाली. पण मी नाही उघडलं. पास ना मी?"

"पास," लेक म्हणाली. "पास गं आई."

आई समाधानाने मागे टेकली. सोललेल्या मनगटाचा हात तिने लेकीच्या केसांतून फिरवला. मग तो हात मध्येच थांबला.

"फार रडत होती गं ती. एकदा वाटलं, उघडावं. कुणाची तरी लेकच असेल ना?"